कलत्या गाभाऱ्याचा नकाशा

१

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बारामतीपासून इंदापुरापर्यंत ही हकिकत मी शंभर माणसांना सांगितली असेल. एकालाही पटलेली नाही. त्याचा मला रागही येत नाही. खोटं काय, कुणीही पटवून देतं. खरं सांगून ते कुणालाच न पटणं, याला नशीब लागतं.

पिंपळीची भामाबाई मेथीची पाटी संपली की मोटारीची वेळ होईपर्यंत माझ्या घड्याळाच्या दुकानाच्या पायरीवर बसते. तिच्याकडे घड्याळ नाही, आणि तिची मोटार कधी चुकलेली नाही. ती म्हणाली, "सांगा की तात्या. न्हाय पटलं तर तितंच सांगीन."

तर सन एकोणीसशे छत्तीस. इंदापूरहून शेळगावाकडे निघालं की उजव्या हाताला एक देऊळ होतं. ख्रिस्ती लोकांचं, आणि त्यांच्यातही ज्यांच्यावर बिशप असतो त्या विलायती पंथाचं. बांधलेलं मात्र आपल्या माणसानं, आपल्या काळ्या दगडात. टोकदार कमानी, भाल्याच्या पात्यासारख्या उंच अरुंद खिडक्या, कोपऱ्याकोपऱ्याला तिरपे दगडी टेकू, पश्चिमेच्या दारावर एका घंटेपुरती कमान. आत शिरलं की छपराच्या सागवानी कैच्या होडी पालथी घातल्यासारख्या डोक्यावर. विलायतेत खांबांच्या माथ्यावर म्हणे कसल्याशा वेलीची पानं कोरतात. आपल्या पाथरवटानं ती वेल बघितलेली नव्हती. त्यानं जोंधळ्याची कणसं कोरली. पाखरू फसावं अशी. एक चिमणी तिथं टोचून टोचून चोच बोथट करून गेली, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

"चिमनी," भामाबाई म्हणाली. मी पुढं गेलो.

त्या लोकांची नावं निराळी असतात. मी आपला सभामंडप आणि गाभारा म्हणतो. लांब सभामंडप, पूर्वेला मोठी कमान, कमानीपलीकडे गाभारा, त्यात वेदी. आता खरी गोष्ट ऐका. दारात उभं राहिलं की गाभारा समोर सरळ दिसत नसे. तो डावीकडे कलायचा, कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तसा. आधीचे गोरे पाद्री लोकांना सांगत, की क्रूसावर येशूची मान कलली होती, तशीच या देवळाची कलली आहे. त्यांच्या देशातही अशी देवळं आहेत. लोकांना ते पटलं होतं. इंजिनेरला पटलं नाही.

बिशपसाहेबांचे इंजिनेर बापूसाहेब दिवाळीत पुण्याहून येऊन गेले होते. कमानीशेजारी, सभामंडप आणि गाभारा जुळतात तिथं, त्यांना बोटभर चीर दिसली. त्यांचं म्हणणं पडलं, की गाभारा सरळच बांधला असणार, आता पाया खचून उत्तरेला सरकतो आहे. तो पाडायचा आणि नवा बांधायचा. फक्त पन्नास वर्षांपूर्वीच्या मूळ नकाशाशी मापं ताडून बघायची राहिली होती. नकाशा पाद्र्यांचे झगे ठेवायच्या खोलीत, चौकटीत काचेमागं होता. रविवारी देवळाला पन्नास वर्षं पुरी होणार म्हणून बिशपसाहेब यायचे होते. बापूसाहेब शुक्रवारी सकाळीच हजर झाले.

चौकट खिळ्याला होती. काच चौकटीत होती. काचेमागं मागची फळी होती. मधला नकाशा तेवढा गेलेला.

बापूसाहेब सावकाश वळले. त्या खोलीत त्या वेळी एकच माणूस होता, हातात पेचकस घेऊन स्टुलावर चढलेला. मी.

२

खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बाराला अकरा ठोके द्यायचं, म्हणून पाद्रीबाबांनी मला बारामतीहून बोलावलं होतं. काम तासाभराचं होतं. तो माझा चौथा दिवस. विलायती घड्याळाला घाई चालत नाही.

बापूसाहेबांनी माझी पिशवी उलटी केली. चिमटे, तेलाची बुधली, पुसायचं फडकं आणि दोन केळी निघाली. मग ते जरा ओशाळले आणि म्हणाले, तुम्ही चार दिवस इथंच बसून आहात, तर कोण आलं, कोण गेलं ते तुम्हीच सांगा. अशा रीतीनं तपास माझ्या हाती आला.

"मागल्या येळंला फौजदार पाया पडला व्हता," भामाबाई म्हणाली.

मी म्हटलं, तो संध्याकाळी पडला. मध्ये बोलू नये.

हकिकत अशी, की बुधवारी खोलीला चुना दिला. तेव्हा चौकट उत्तरेच्या भिंतीवरून काढली, आणि तिथं ओल आहे म्हणून नंतर दाराशेजारी टांगली. बुधवारी संध्याकाळी नकाशा आत होता. पाद्रीबाबांनी स्वतः काच पुसली होती. शुक्रवारी सकाळी नव्हता. म्हणजे तो गेला गुरुवारी. गुरुवारी खोलीत शिरलेली माणसं तीन. मला धरून चार, पण तपास करणारा स्वतःला धरत नाही, तशी रीत आहे.

पहिला रामहरी ठेकेदार. गाभारा पाडायचा आणि बांधायचा ठेका त्यालाच मिळणार होता. दगडाच्या गाड्या आवारात येऊनही पडल्या होत्या. गुरुवारी तो दाराची मापं घ्यायला म्हणून आत आला होता. मी त्याला आडवंतिडवं विचारलं. तो तपकीर ओढत म्हणाला, नकाशा सरळ निघाला तर माझी चूल पेटते. माझ्या चुलीत मीच पाणी कशाला ओतू? त्यात दम होता.

दुसरे पाद्रीबाबा, रेव्हरंड शांतवन. सोलापूरकडचे, उंच, वाकलेले, दुसऱ्याचं मूल खोकलं तरी जागे राहणारे. त्या गाभाऱ्यावर त्यांचा फार जीव. मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ झग्याची गुंडी फिरवत राहिले.

"मी चोरी केली नाही," ते म्हणाले. "पण नकाशा नाहीसा व्हावा अशी तीन रात्री प्रार्थना केली. त्याचा दोष किती धरायचा, ते तुम्ही ठरवा."

मी तो धरला नाही. प्रार्थनेनं काच निघत नाही.

तिसरी कुशाबाई. देवळाची झाडलोट, घंटा, वेदीवरची वस्त्रं धुणं, सगळं तिच्याकडे. तिशीची विधवा बाई, फाटकाजवळच्या खोलीत आंधळ्या बापाला घेऊन राहायची. आणि तिचा बाप म्हणजेच कुंडलिक पाथरवट, ज्यानं हे देऊळ बांधलं. घरचा देव खंडोबा, हातानं बांधलं येशूचं देऊळ, आणि दोघांचंही कधी भांडण झालं नाही. गाभारा पडला तर म्हाताऱ्याचं नाव पडत होतं. पंचक्रोशीत जो तो म्हणायचा, कुंडलिकाचं सूत केसाइतकंही चुकत नाही. आता म्हणणार होते, त्याच्या बांधकामाला पायाच नव्हता.

म्हणजे कारण तिच्याकडे होतं, किल्ली तिच्याकडे होती, आणि बापूसाहेब तिच्याकडेच बघत होते. मी विचारलं, गुरुवारी खोलीत काय केलंस? ती म्हणाली, झाडलं. नकाशा पाहिलास? ती म्हणाली, मला वाचता येत न्हाय. मग मला विचारलं, न्याहारी झाली का. चौकशीत उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

बापूसाहेब म्हणाले, पुरे झालं, फौजदाराला बोलवा.

तेवढ्यात उंबऱ्यावर काठी वाजली. कुंडलिक आबा दारात उभा होता, कवाडाला हात लावून.

"पोरीला सोडा," तो म्हणाला. "नकाशा म्या जाळला."

३

कुशाबाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. बापूसाहेबांनी कागद पुढं ओढला आणि लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, थांबा. आणि आबाला विचारलं, चौकट कुठं होती?

"उत्तरंच्या भिताडाला. पन्नास वर्सं तितंच हाय."

सगळे दाराशेजारच्या खिळ्याकडे बघत राहिले, जिथं चौकट बुधवारपासून लटकत होती. म्हातारा आपला ताठ उभा, गुन्हेगार म्हणून कुणी हात धरील याची वाट बघत.

बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी उठून आपली खुर्ची त्याच्यामागं सरकवली, त्याला बसवलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, बाप खोटं बोलतो आहे, कारण चोर मुलगी आहे असं त्यालाही वाटतं. आता शंकाच उरली नाही.

म्हणजे मी म्हाताऱ्याला सोडवायला गेलो आणि मुलीला अडकवून बसलो. हुशारीचा हाच तोटा असतो.

मी आबाला धरून बाहेर कडुनिंबाखाली नेलं. तो देवळाच्या दिशेला तोंड करून म्हणाला, की लोकांना मी सांगत आलो माझं सूत चुकत नाही, पण घड्याळजी, ते चुकलं.

त्यानं सांगितलं ते असं. गोऱ्या पाद्र्याचा हुकूम एवढाच होता, की वेदी उगवतीला पाहिजे. आबानं आपल्या रीतीनं काम धरलं. साडेतीन मुहूर्तांतला पाडवा धरायचा, पहाटे खुंटी मारून उभं राहायचं, सूर्याची पहिली कड दिसली की तिच्याकडे सूत ताणायचं. त्या सुतावर सभामंडपाचा पाया घातला. गाभाऱ्याच्या कमानीचा दगड वेळेवर आला नाही आणि पावसाळा तोंडावर आला, म्हणून पूर्वेची बाजू मातीच्या कच्च्या भिंतीनं बंद केली, वर कौलं चढवली. आत प्रार्थना सुरू झाली. गाभारा राहिला तो पुढच्या पाडव्याला धरला. मधे कच्ची भिंत, तिच्यातून जुनं सूत ओढता येईना. बाहेरून भिंतीला डोळा लावावा तर कोपऱ्यावरचे तिरपे टेकू आडवे येत. मग पुन्हा उगवत्या सूर्याकडे नवं सूत ताणलं. तोच पाडवा, तोच सूर्य, तोच मी, आबा म्हणाला. चुकणार कुठं?

कच्ची भिंत पडली आणि तो आतून बघायला उभा राहिला, तेव्हा गाभारा कललेला. तोवर भिंती छातीपर्यंत आल्या होत्या.

"कुनाला बोललो न्हाय. गोरा पाद्री म्हनाला, देवाची मान हाय. म्या म्हनलं, व्हय. पन मला म्हाईत हाय ना, मान न्हाय ती. माझा हात हाय."

पन्नास वर्षं त्यानं त्या दोन सकाळी आठवून बघितल्या होत्या. खुंटी हलली होती का. डोळ्यात पाणी आलं होतं का. पहिला मुलगा गेला त्याच वर्षी. ध्यान नव्हतं का. त्याला कारण सापडलं नव्हतं, आणि डोळे गेल्यावर तर शोधायला तेवढंच उरलं होतं.

मी त्याला काही सांगणार, तोच आतून पाद्रीबाबांची हाक आली. कुशाबाई नकाशा घेऊन आली होती.

४

ती बापूसाहेबांसमोर उभी होती. टेबलावर तिनं एक पांढरा रुमाल ठेवला होता. वेदीवर प्याल्याखाली अंथरतात तसा, दीड हात लांब, दुधासारखा.

"हा घ्या नकाशा," ती म्हणाली. "माझ्या बापाला चोर म्हनू नगा."

रामहरी हसला. बापूसाहेबांनी रुमाल उलटला, पालटला, उजेडाला धरला. त्यावर रेघ नव्हती, अक्षर नव्हतं. त्यांना वाटलं, बाई थट्टा करते आहे, आणि आता ते खरोखर चिडले. पाद्रीबाबा म्हणाले, बाई, असं करू नकोस. एका माणसानं चोरी कबूल केली ती खोटी म्हणून कुणी धरली नाही, आणि आता दुसरं माणूस खरी कबूल करत होतं तर तीही कुणी धरेना.

तेव्हा मी चौकट उतरवली. मागच्या फळीत आठ बारीक खिळे होते; नकाशा त्यांनी फळीवर ताणून बसवलेला असायचा. मी रुमाल फळीवर पसरला. त्याच्या कडांना आठ भोकं होती, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत अशी. मी डोळ्याला भिंग लावलं आणि बापूसाहेबांनाही लावायला दिलं. आठ भोकं आठ खिळ्यांवर बसली.

"आणि रेघा?" त्यांनी विचारलं.

हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. जुने नकाशे कागदावर नसत. तलम विलायती कापडाला खळ चढवून, घोटून त्याला काचेसारखं करत आणि त्यावर शाईनं काढत. शाई बसते ती खळीवर, धाग्यावर नव्हे. ते कापड रिठे घालून उकळलं की खळ सुटते, आणि खळीबरोबर शाई. खाली राहतं ते असं मऊ कापड, की घड्याळाची काच पुसायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पाटाच्या कचेरीतून टाकून दिलेले नकाशे आम्ही घड्याळजी मागून आणायचो ते त्यासाठीच. मी माझ्या पिशवीतलं फडकं काढून शेजारी ठेवलं. पोत एकच.

बापूसाहेब खुर्चीत मागं रेलले. म्हणाले, म्हणजे पुरावा मुद्दाम धुऊन टाकला.

मीच पुढं होऊन सांगितलं, की छे, बाईनं भाबडेपणानं केलं. बिशपसाहेब येणार, देवळात सगळं लख्ख हवं. चौकटीत पिवळं पडलेलं, माशांनी बसून बसून ठिपके पाडलेलं कापड दिसलं, तिनं काढून धुतलं. पांढरं झालं तेव्हा घाबरली, आणि वेदीवर ठेवून दिलं. कुशाबाईनं माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "मळला व्हता."

बापूसाहेबांनी एक लांब श्वास सोडला. भाबडेपणानं असो की कसंही, ते म्हणाले, दिवाळीत ओझरता पाहिला तेव्हा नकाशा सरळ होता हे मला आठवतं. गाभारा सरळ नाही. म्हणजे तो खचतो आहे. छप्पर रविवारी बिशपसाहेबांच्या डोक्यावर येऊ नये एवढंच आता बघायचं. सोमवारी पहार लावा. आणि बाईनं किल्ली पाद्रीबाबांकडे द्यावी.

कुशाबाईनं कमरेची किल्ली सोडली. रामहरी गाड्यांकडे निघालासुद्धा.

मी म्हटलं, बापूसाहेब, पहार लावायच्या आधी एक सतरंजी उचला. गाभारा जागचा हललेला नाही, हे मी आत्ता दाखवतो. आणि दाखवता आलं नाही तर सोमवारी पहिली पहार माझ्या हाताची.

५

कमानीखाली, सभामंडप संपून गाभारा लागतो तिथं, मोठी सतरंजी असायची. आम्ही चौघांनी ती गुंडाळली. पन्नास वर्षांत तिथली फरशी कुणी नीट बघितली नसावी.

सभामंडपाच्या फरश्या भिंतींना सरळ धरून होत्या. गाभाऱ्याच्या फरश्या गाभाऱ्याच्या भिंतींना धरून. आणि मधे, दोन्हींच्या सांध्यात, एक ओळ पाचरींची होती: एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळत्या होत गेलेल्या. प्रत्येक फरशी टाकीनं घडवून बसवलेली, सांधे सुईला जागा नाही असे.

बापूसाहेब गुडघ्यांवर बसले. त्यांना सांगावं लागलं नाही. गाभारा नंतर सरकला असता तर फरश्या उललेल्या असत्या, सांधे फाकले असते. पाचरी आधीपासून घडवल्या होत्या, म्हणजे गाभारा पहिल्या दिवसापासून असाच होता. चिरेचाही उलगडा झाला: दोन वर्षांचं दगडकाम एकमेकांत दात धरत नाही, तिथं रेघ पडतेच.

पण तो हट्टी माणूस. म्हणाला, कललेला का, ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. काय सांगावं, बांधताबांधताच पाया घसरला असेल. मी आबाची हकिकत सांगितली. दोन्ही पाये पाडव्याला, दोन्ही सुतं सूर्याला. त्यांनी देवळाची जुनी वही मागवली, आणि बोट ठेवून म्हणाले, म्हातारा इथंही खोटं बोलतो. गोऱ्या पाद्र्यानं तारखा लिहून ठेवल्या आहेत. पहिला पाया सतरा मार्च, पंचाऐंशी. दुसरा पाच एप्रिल, शहाऐंशी. दोन्ही पाडवे कसे?

पाद्रीबाबांनी डोळे मिटले. कुशाबाई भिंतीला टेकली.

"बापूसाहेब," मी म्हणालो, "मधे धोंड्याचा महिना आला."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं. शेवटी तेही आपल्यातलेच. लहानपणी धोंड्याच्या महिन्यात अनारसे खाल्लेले. अधिक महिना आला की पुढचा पाडवा मागं रेंगाळतो. पंचांगाला तो पाडवाच. सूर्य मात्र पंचांग बघत नाही. एकोणीस दिवसांत तो क्षितिजावर उत्तरेला सरकलेला असतो, आणि त्या सुमाराला तर भराभर सरकतो. बापूसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली, फरशीवरच आकडे मांडले. आठ अंशांना जरा कमी. मग आपली दिवाळीतली मापं उघडली. गाभाऱ्याचा कल: आठ अंशांना जरा कमी. उत्तरेला.

ते म्हणाले, मी पितळी यंत्र लावून याहून नेमकं करू शकलो नसतो.

मग जे झालं ते मला सांगावंसं वाटतं. बापूसाहेब स्वतः उठून कडुनिंबाखाली गेले, आबाच्या समोर उकिडवे बसले. दोन्ही सुतं बरोबर होती, पाडवाच सरकला होता, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं. आबानं पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"म्हंजी सूत न्हाय चुकलं?"

"नाही, आबा."

"दोनीबी?"

"दोन्ही."

म्हातारा काही वेळ काठीच्या मुठीवर हात फिरवत राहिला. मी वाट बघत होतो, आता रडेल. तो म्हणाला, "कुशे, च्या टाक. समद्यास्नी." आणि ती चहा टाकायला वळली, तेव्हा पाद्रीबाबांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

रामहरीच्या दगडाच्या गाड्या तशाच परतल्या. रविवारी बिशपसाहेबांनी वेदीवरचा प्याला त्याच रुमालावर ठेवला, आणि रुमाल इतका तलम कुठं मिळाला, असं विचारलं. पाद्रीबाबा म्हणाले, देवळाचाच आहे, साहेब. यात खोटं काय? मला बिशपसाहेबांनी आपल्या मोटारीतून बारामतीला सोडलं. ते स्वतः मोटार चालवत होते आणि मी मागं.

"तर असं," मी म्हणालो. "एक भाबडी बाई मळलेलं कापड धुते, आणि त्यातून एका म्हाताऱ्याची पन्नास वर्षांची सल निघते. आता बोल, पटलं का?"

भामाबाईनं पाटी उचलली. ती काखेला लावली. पायरीवरून उतरली आणि तिथंच वळून उभी राहिली.

"बाकी समदं पटलं," ती म्हणाली. "चिमनी बी पटली, बिशप बी. पन तात्या, मळका कपडा बाई गार पान्यात धुती. रिठं घालून उकळला की शाई सुटती, हे त्या खोलीत एकल्या तुमालाच ठावं व्हतं, आत्ताच तुमी बोलला. मग त्या बाईला ते कुनी सांगितलं? खोटं बोलता तुमी. तो नकाशा तुमी धुवाया लावला."